बायबलची शिकवण आणि रोजचे जगणे : महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरेचा विचार

१. शिकवणुकीचा पाया

बायबल हा उपासनेचा ग्रंथ आहे, तसाच तो मजुरीचा, मापाचा, शेताच्या बांधाचा आणि जेवणाच्या पंक्तीचाही ग्रंथ आहे. मोशेच्या दहा आज्ञांपैकी पहिल्या काही आज्ञा देवाशी असलेल्या नात्याविषयी आहेत. आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेपासून पुढे मात्र सगळा भर घर, शेजार, मालमत्ता, साक्ष आणि मनातली हाव यांवर आहे. शब्बाथाची आज्ञा तर या दोन्ही बाजूंना जोडणारी आहे. आठवड्यातला एक दिवस देवाचा, आणि त्या दिवशी मालकाबरोबर चाकरालाही विसावा मिळाला पाहिजे. बैल, गाढव आणि गावात राहणारा परका माणूस यांनाही तो मिळाला पाहिजे, असे ती स्पष्ट सांगते. ज्या घरात मालक प्रार्थनेला बसतो आणि मोलकरीण भांडी घासत राहते, त्या घरात ही आज्ञा अर्धीच पाळली जाते.

लेवीय या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही प्रसिद्ध आज्ञा त्याच अध्यायात आहे. तिच्या आजूबाजूला काय आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पीक कापताना शेताच्या कडा सोडून द्याव्यात. खाली पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्यावीत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. तराजू खरा असावा, वजने आणि मापे खरी असावीत. प्रीतीची आज्ञा या तपशिलांच्या मध्ये उभी आहे. म्हणजे प्रीती ही तिथे केवळ मनाची भावना नाही, ती वेळेवर दिलेली मजुरी आहे आणि पुरे भरलेले माप आहे.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालत असे, ते रूथच्या पुस्तकात दिसते. रूथ विधवा, शिवाय मवाबी, म्हणजे परक्या मुलखातली. बेथलेहेमात ती बवाजाच्या शेतात कापणी करणाऱ्यांच्या मागोमाग सातू वेचते, आणि त्यावर तिचे व तिच्या सासूचे पोट भरते. तिला मिळते ती भीक नव्हे, तो धर्मशास्त्राने दिलेला हक्क आहे. निर्गमाच्या पुस्तकातही असाच एक बारकावा आहे. गरिबाकडून पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे, कारण रात्री त्याला पांघरायला दुसरे काही नसते. आमोस संदेष्टा पुढे याच मापाने समाजाला तोलतो. माप लहान करून आणि तराजूत लबाडी करून धान्य विकणाऱ्यांचे सण व गायन देवाला नकोसे आहेत, असा त्याचा घणाघात आहे.

येशूच्या शिकवणुकीत हा धागा अधिक घट्ट होतो. त्याचे दाखले घरातले आणि शेतातले आहेत: पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई, द्राक्षमळ्यात रोजावर लावलेले मजूर, कर्जाचा हिशेब. चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी जखमी माणसाला टाळून निघून जातात. शमरोनी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो आणि अधिक खर्च आला तर परतताना भरीन असे सांगून जातो. दया या दाखल्यात औषध, वाहतूक, निवारा, रोख रक्कम आणि पुढची जबाबदारी अशा पाच गोष्टींची बनलेली आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या अखेरच्या न्यायातही विचारणा होते ती भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि तुरुंगातल्याची भेट यांचीच.

उपासनेचे स्थानही येशू ठरवून देतो. वेदीपुढे अर्पण घेऊन उभे असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. जकातदार जक्कय येशूला घरी घेतो आणि त्याच दिवशी अर्धी मालमत्ता गरिबांना व लुबाडलेल्याच्या चौपट परतफेड जाहीर करतो. त्याचा पश्चात्ताप आकड्यांत मोजता येतो. प्रेषित पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. याकोबाचे पत्र तर या विषयावरचे सर्वांत परखड लिखाण आहे. उपाशी माणसाला तोंडी आशीर्वाद देऊन वाटेला लावणारी श्रद्धा त्याच्या मते निर्जीव आहे, आणि शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते आहे, असे तो श्रीमंतांना बजावतो.

या सर्वांतून तीन लक्षणे हाती येतात. बायबलला अपेक्षित असलेले आचरण लहानसहान कृतींत असते, ते नियमित असते, आणि ज्याला समाजात हक्काची जागा नाही त्याला ते जागा करून देते. महाराष्ट्रात ही शिकवण कुठे आणि कशी रुजली, हे याच तीन लक्षणांवरून पाहावे लागते.

२. घर आणि पंगत

मराठी भाषेला ख्रिस्ती शिकवणुकीचा पहिला मोठा ग्रंथ गोव्यात मिळाला. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. बायबलची कथा ओवीत आली आणि लोकांच्या तोंडी बसू शकेल अशी झाली. मुंबईत १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनने आणि नंतरच्या इतर मिशनांनी शाळा, छापखाने व नियतकालिके सुरू केली. अहमदनगरहून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघू लागला. नगरमधील सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा दिली. ख्रिस्ती मंडळीच्या भिंतीबाहेर पडलेला हा प्रभाव मंडळीच्या आतल्या प्रभावाइतकाच मोलाचा आहे.

रोजच्या जगण्यातली खरी कसोटी मात्र स्वयंपाकघरात होती. एकोणिसाव्या शतकात कुणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कुणाच्या पंक्तीला बसावे, यावर माणसाची जागा ठरत असे. बाबा पदमनजी यांनी १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे चित्र काढले, तेही घराच्या आतले. केशवपन, उपेक्षा, सक्तीचे वैधव्य या गोष्टी त्यांना धर्मचर्चेच्या कडेचे विषय वाटल्या नाहीत. त्याच गोष्टी त्यांनी चर्चेच्या मध्यभागी आणल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळक त्यानंतर काही वर्षे मुलासह वेगळ्या राहिल्या, आणि परत आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास टप्प्याटप्प्याने उलगडतो. शिवाशिवीचा विचार त्यांच्या मनातून वादविवादाने गेला नाही. पाणी, अन्न आणि पंगत यांतून तो हळूहळू गळून पडला, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा आधी आणि आचरण मागाहून, असा क्रम त्यांच्या बाबतीत नव्हता. हातात पेला घेताना केलेला निर्णय आणि देवाविषयीचा निर्णय एकमेकांत मिसळून पुढे गेले. पुढे टिळकांच्या घरात अनाथ मुलांना आसरा मिळत राहिला, आणि त्याचा सगळा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. मराठी ख्रिस्ती साहित्यात परमार्थ आणि प्रपंच यांची इतकी सच्ची सांगड दुसरीकडे क्वचितच सापडेल.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९१९ साली त्यांचा मृत्यू झाल्यामुळे ते काम वाढले नाही. पण ख्रिस्ती असणे म्हणजे एका संस्थेचे सभासद असणे नव्हे, ती जगण्याची रीत आहे, हा त्यांचा मुद्दा आजही ताजा आहे.

३. काम आणि कौशल्य : मुक्ती

बायबल आणि श्रम यांची सांगड पंडिता रमाबाईंनी केडगावात घातली. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण १८७०च्या दशकातील दुष्काळात गेली होती. भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व बायका घेऊन आल्या. केडगावच्या जमिनीवर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ ही आश्रयसंस्था उभी राहिली. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या सुमारे २००० झाली.

इतक्या जणींना रोज जेवू घालणे हेच मोठे काम होते. रमाबाई तिथे थांबल्या नाहीत. मुक्तीत शेती होती, विहिरी होत्या, दूधदुभते होते. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना होता. आलेली प्रत्येक बाई काही ना काही काम शिकत असे, आणि अंध मुलींना ब्रेल शिकवण्यासाठी रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी मोठे कष्ट घेतले. दयेवर जगणाऱ्या बाईला स्वतःच्या हातावर उभे करणे, हा मुक्तीच्या रचनेचा गाभा होता. बवाजाच्या शेतात रूथला मिळालेला हक्क आणि केडगावात परित्यक्तेला मिळालेले कौशल्य ही एकाच न्यायाची दोन रूपे आहेत.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी ते केले. थोडेफार शिकलेल्या बाईला वाचता येईल अशी सोपी भाषा त्यांना हवी होती. खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना अक्षरसुद्धा शिकू दिले गेले नव्हते, त्यांच्या हातून धर्मग्रंथाची अक्षरे जुळली गेली, ही घटना मराठीच्या सांस्कृतिक इतिहासात मोठ्या मानाने नोंदली गेली पाहिजे.

रमाबाईंच्या आचरणाला आणखी एक बाजू होती. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना जी वागणूक मिळाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. तरीही अन्यायाला अन्याय म्हणण्यात त्यांनी कसूर केली नाही. संदेष्ट्यांची परंपरा रोजच्या आयुष्यात पाळायची तर एवढे धैर्य लागतेच.

४. आजारी माणसाची खाट

आजाऱ्याची विचारपूस हा मत्तयाच्या यादीतला एक साधा शब्द. मिरजेत त्याचे रुग्णालय झाले. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले, आणि १८९४ साली मिरजेचे मिशन रुग्णालय सुरू झाले. पुढे तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले, कुष्ठरुग्णांसाठी व्यवस्था झाली आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारले गेले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील माणसे बैलगाडीने व रेल्वेने तिथे येत. मिरज आज वैद्यकीय उपचारांचे शहर म्हणून ओळखले जाते, त्याच्या मुळाशी या रुग्णालयाचे काम आहे.

मिरजेत रोगी रुग्णालयाकडे येत होता. जामखेडमध्ये आरोग्य गावाकडे गेले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले दांपत्य. १९७० साली त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर) जामखेड या दुष्काळी भागात काम सुरू केले. जागा होती गुरांच्या बंद पडलेल्या दवाखान्याची. बहुतेक आजारांचे मूळ अन्न, पाणी आणि सामाजिक विषमता यांत आहे, हे त्यांना लवकरच उमगले. म्हणून त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित होत्या. बाळंतपण, जुलाबावरचे उपाय, लसीकरण, पोषण, कुष्ठरोगाची ओळख या गोष्टी त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. प्रशिक्षणाच्या दिवसांत सर्व जातींच्या बायकांचे जेवण आणि मुक्काम एकत्र असे. कुष्ठरुग्णांना वेगळे न ठेवता सर्वांबरोबर तपासले जाई.

१९७२ च्या दुष्काळात विंधनविहिरी खोदायच्या ठरल्या, तेव्हा त्यांच्या जागा जाणीवपूर्वक दलित वस्तीत निवडल्या गेल्या. ज्यांना गावाच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांच्या दारात पाणी आले, आणि बाकीच्या गावाला पाण्यासाठी त्या दारी जावे लागले. शमरोनातल्या विहिरीवर एका परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागणाऱ्या येशूची गोष्ट ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्यांनाच असा निर्णय सुचतो. त्यासाठी प्रवचनाची गरज पडली नाही, हातपंपाने ते काम केले. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि प्राथमिक आरोग्यसेवेच्या जगभरच्या विचारात जामखेडचा अनुभव आदराने घेतला गेला.

५. पैसा, पाणी आणि जमीन

वसईच्या ख्रिस्ती समाजात शेती, बागायत आणि मासेमारी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवसाय. सावकारी कर्ज हा अशा समाजाचा कायमचा शत्रू. १९१८ साली मोन्सेनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने तिथे सहकारी पतसंस्था सुरू झाली आणि तिचीच पुढे बेसिन कॅथॉलिक बँक झाली. गरिबाचे पांघरूण रात्री परत करण्याची जुनी आज्ञा विसाव्या शतकात पाळायची, तर त्यासाठी अशी हिशेबाची वही लागते. रास्त व्याज, वेळेवर परतफेड आणि शेजाऱ्याला जामीन राहण्याची तयारी यांवर पतसंस्था चालते. हे तिन्ही नैतिक गुण आहेत, आणि ते रोज वापरावे लागतात.

नगर जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी दुष्काळाशी दुसऱ्या वाटेने झुंज घेतली. पावसाचे पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवायचे, जिरवायचे, आणि हे काम गावानेच करायचे. त्यांच्या प्रयत्नांतून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला, आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापन केली. श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी गावाने आधी मान्य करायच्या, मग निधी यायचा. जमीन देवाची, माणूस तिचा कारभारी, हे बायबलमधले तत्त्व इथे समपातळी चरांत आणि बांधांत उतरले. लाभ घेणाऱ्या गावकऱ्यांत बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते, आणि तशी अटही नव्हती. शमरोन्यानेही जखमी माणसाची जात विचारली नव्हती.

वसईतच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि हरित वसईच्या चळवळीत बेसुमार बांधकाम व पाणीउपशाविरुद्ध सामान्य शेतकऱ्यांबरोबर ते रस्त्यावर उतरले. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरू, लेखक आणि नागरिक या तीन भूमिका त्यांच्यात वेगळ्या राहिल्या नाहीत.

६. उणिवा

या परंपरेचे मूल्यमापन करताना तिच्या उणिवा झाकून चालणार नाहीत. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ सारे एक, ही शिकवण असूनही जात मंडळीत शिरली. गोव्यात चर्चमधील कित्येक बंधुसंघ जातीवर उभे राहिले आणि मानपान त्यावर ठरले. महाराष्ट्रातही निरनिराळ्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांत सोयरीक होताना मूळ जात पाहिली गेली. हुंडा आणि लग्नातला डामडौल यांपासून ख्रिस्ती घरे सुटलेली नाहीत. मंडळ्यांच्या मालमत्तांवरून भावाभावांतले वाद न्यायालयात गेले. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करण्याची आज्ञा तिथे विसरली गेली.

या उणिवांचे कारण शिकवणुकीत नाही. उपासनेचा दिवस आणि कामाचे दिवस वेगळे मानण्यात ते आहे. रविवारचे गायन सुरेल असेल आणि सोमवारचे माप खोटे असेल, तर आमोसाचा शब्द आजही तितकाच लागू पडतो.

७. आजचे घर

रोजच्या आचरणासाठी प्रत्येकाने मुक्ती किंवा जामखेड उभारायला हवे असे नाही. लेवीयाचा अध्याय आजच्या सदनिकेतही पाळता येतो. घरकाम करणाऱ्या बाईला ठरलेल्या तारखेला पगार आणि आठवड्याची सुटी देणे, ही शब्बाथाची आणि मजुरीची आज्ञा आहे. दुकानात पुरे माप देणे आणि कार्यालयात पुरा वेळ काम करणे, ही तराजूची आज्ञा आहे. याकोबाने जिभेला लहानशी पण रान पेटवणारी आग म्हटले आहे. मोबाईलवर आलेली अफवा पुढे न पाठवणे हा त्याच शिकवणुकीचा आजचा अर्थ होतो. म्हाताऱ्या आईवडिलांना औषधपाण्यासाठी हात पसरावा लागू नये, हे आईवडिलांच्या मानाच्या आज्ञेत येते. आणि लग्नाच्या पंगतीत वाढप्यांचे व सफाई कामगारांचे पान कुठे मांडले जाते, यावरून त्या घरातली प्रीती कळते.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतील कौटुंबिक उपासना आणि वसईच्या घरांतील संध्याकाळची रोझरी यांचे मोल यातच आहे. सारे कुटुंब दिवसाच्या शेवटी एकत्र बसते, तेव्हा दिवसभराच्या वागण्याचा जाब स्वतःला विचारण्याची संधी मिळते. ती घेतली तर प्रार्थना दुसऱ्या दिवसाच्या कामापर्यंत पोहोचते.

चार शतकांच्या या परंपरेचा निष्कर्ष स्पष्ट आहे. महाराष्ट्रात ख्रिस्ती श्रद्धेने जे टिकाऊ काम केले, ते पंगत, छापखाना, रुग्णालय, विहीर आणि हिशेबाची वही यांच्या द्वारे केले. जिथे ती केवळ ओळख होऊन राहिली, तिथे ती जातीइतकीच बंदिस्त झाली. आज बायबल वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घराने म्हणून एकच प्रश्न स्वतःला रोज विचारावा : आपल्या दारी, आपल्या पंक्तीत आणि आपल्या व्यवहारात ज्याला अजून जागा नाही, असा माणूस कोण? त्याला जागा करून देणे, हीच शिकवणुकीची अंमलबजावणी होय.